पिस्तूल जोडताना पडणारा चंद्रकोरीचा चरा

वणीकडच्या एका तरुण शेतकऱ्यानं विचारलं आहे. आजोबांच्या माघारी त्यांचं १९११ घाटणीचं, म्हणजे जॉन ब्राउनिंग यांच्या रचनेचं, पिस्तूल रीतसर परवाना होऊन याच्या नावावर आलं. खंडेनवमीच्या पूजेसाठी आदल्या रात्री त्यानं ते पहिल्यांदाच पूर्ण खोलून साफ केलं. जोडून झाल्यावर उजेडात धरलं, तर डाव्या बाजूला स्लाइड स्टॉपच्या, म्हणजे वरचा सरकता भाग (स्लाइड) मागे रोखून धरणाऱ्या पट्टीच्या, खाली चंद्रकोरीसारखा पांढरा चरा. आजोबांनी इतकी वर्षं सांभाळलं, त्यावर एक रेघ नव्हती. चरा कशानं पडला, पुन्हा पडू नये म्हणून काय करायचं, आणि आता पडलेला घालवता येतो का, असे तीन प्रश्न आहेत.

भाऊ, आधी मनावरचं ओझं उतरवा. तुमच्या पिस्तुलाचं काही बिघडलेलं नाही. या घाटणीच्या पिस्तुलांवर नेमका याच जागी आणि याच आकाराचा चरा जगभर दिसतो. मी सैन्यात २२ वर्षं आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा-दुरुस्त करणारा, होतो, आता दारव्ह्याकडे घरची शेती पाहतो. दुसऱ्याचं हत्यार दुरुस्त करायला शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. तो माझ्याकडे नाही, म्हणून तुमचं पिस्तूल मी हातात घेणार नाही. पण हे काम तुमच्या स्वतःच्या हातानं नीट होईल इतकं सविस्तर लिहून देतो.

हाच चरा मीही एकदा पाडला आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात, एका साहेबांचं खाजगी पिस्तूल जमा होतं, ते साफ करायला माझ्याकडे आलं. माझा हात बसलेला होता आमच्या ९ मिलिमीटरच्या सर्व्हिस पिस्तुलावर, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणाऱ्या. तेही मुळात ब्राउनिंगच्याच डोक्यातलं. जॉन ब्राउनिंग १९२६ साली गेले, त्यांचं अर्धं राहिलेलं काम बेल्जियममध्ये द्यूदोने सैव्ह यांनी पुरं केलं आणि १९३५ साली ते हाय-पॉवर म्हणून आलं. आमचं सर्व्हिस पिस्तूल त्याच घाटणीचं. दोन्ही पिस्तुलं दिसायला भावंडं, पण स्लाइड स्टॉप बसवण्याची रीत वेगळी. हाय-पॉवरमध्ये सेफ्टी खाचेत अडकवून स्लाइड मागे रोखून धरता येते, मग स्लाइड स्टॉप सरळ आत ढकलायचा. आतल्या स्प्रिंग गाइडमधला बारीक मणी त्याची दांडी पकडून ठेवतो. बाहेर, फ्रेमच्या (खालच्या सांगाड्याच्या) अंगावर, वाटेत आडवं येणारं काही नसतं. मी त्याच सवयीनं साहेबांच्या १९११ मध्ये स्लाइड स्टॉप आत दाबला, अडकला म्हणून वर फिरवला, आणि चर्रर्र असा आवाज आला. तो आवाज आजही कानात आहे.

आता १९११ मध्ये आडवं काय येतं ते पाहा. पिस्तुलाची डावी बाजू समोर धरा. ग्रिपच्या वरच्या कडेला एक बारीक आडवी नळी दिसेल. तिच्यात एकच स्प्रिंग आहे आणि स्प्रिंगच्या दोन टोकांना दोन खिळे, म्हणजे प्लंजर. मागचा प्लंजर सेफ्टीला दाबून धरतो, पुढचा स्लाइड स्टॉपच्या मागच्या टोकाला. हा पुढचा प्लंजर नळीतून जरासा बाहेर डोकावतो. स्लाइड स्टॉप जागेवर बसायचा तर त्याला हा प्लंजर मागे रेटूनच जावं लागतं.

स्लाइड स्टॉप म्हणजे एक आडवी दांडी आणि तिला बाहेरून जोडलेली पट्टी. नवा माणूस करतो असं: दांडी फ्रेमच्या भोकात घालतो, पट्टी खाली लोंबती ठेवतो आणि दांडी शेवटपर्यंत आत दाबतो. म्हणजे पट्टीचं मागचं टोक फ्रेमला टेकलं. मग अंगठ्यानं पट्टी वर फिरवतो. दांडी मध्ये रोवलेली आणि टोक फ्रेमवर टेकलेलं, कंपासपेटीतला कर्कटक कागदावर फिरतो तसं. वर प्लंजर अडतो, म्हणून माणूस आणखी जोर लावतो, टोक आणखी दाबून घासतं. चरा चंद्रकोरीसारखा का, याचं उत्तर हेच. तो वर्तुळाचा तुकडा आहे आणि त्याचं केंद्र दांडीच्या भोकात आहे.

यातून रीत आपोआप निघते: पट्टी आधी वर आणायची, मग आत दाबायची. पट्टी वर येत असताना तिचं टोक फ्रेमपासून दोन-तीन मिलिमीटर लांब राहिलं पाहिजे. बाकीची सगळी तयारी एवढं साधण्यासाठीच.

तयारीच्या आधी एक गोष्ट, आणि ती कितीही वेळा केली असली तरी प्रत्येक वेळी करायची. मॅगझिन काढा, स्लाइड मागे ओढून रोखा, चेंबरमध्ये, जिथे गोळी बसते तिथे, डोळ्यांनी पाहा आणि करंगळीनं चाचपून पाहा. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात. पोरंसोरं झोपलेली असोत की जागी, दार लावून बसा. रिकॉइल स्प्रिंगचं (स्लाइड पुढे रेटणाऱ्या मोठ्या स्प्रिंगचं) टोपण सुटलं तर डोळ्यावर येतं, म्हणून चष्मा नसेल तर फवारणीचा गॉगल लावा, तो घरात असतोच.

बसायची जागा. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ उन्हाळाभर घरात येते, आणि घराच्या साध्या फडक्यात ती असतेच. बऱ्याच पिस्तुलांवर जे बारीक केसासारखे चरे दिसतात ते हत्यारांनी पडलेले नसतात, ते पुसण्याच्या फडक्यानं पडलेले असतात. म्हणून खाली गोधडी, तिच्यावर त्याच दिवशी धुतलेलं पांढरं धोतर किंवा चादर. पांढरं यासाठी की पडलेली स्प्रिंग दिसते. पुसायला जुन्या सुती कापडाच्या चिंध्या, सैन्यात आम्ही चिंदीच म्हणायचो, धुऊन, झटकून, डब्यात बंद ठेवलेल्या. एकदा जमिनीवर पडलेली चिंदी पुन्हा पिस्तुलाला लावायची नाही. पुसण्याआधी मऊ ब्रशनं धूळ झाडा, एक थेंब तेल टाका आणि मगच पुसा. कोरडं घासणं बंद करा. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. पट्ट्याचं बक्कल विसरू नका, पिस्तूल मांडीवर घेतलं की ते स्लाइडला लागतंच. सुटे भाग एका परातीत एकावर एक टाकू नका. परातीत कापड घाला आणि बॅरल (गोळी जाते ती नळी) वेगळं ठेवा.

दोन साध्या वस्तू हाताशी हव्यात. एक, बांबूची चपटी काडी, टोकाशी आगपेटीच्या काडीएवढी जाड, चाकूनं गुळगुळीत केलेली. तिनं प्लंजर दाबायचा. स्क्रूड्रायव्हरनं प्लंजर दाबू नका, तो घसरला की दुसरा चरा ठरलेलाच. दोन, कागदी मास्किंग टेप. नळीच्या खाली आणि पुढे, जिथे चंद्रकोर पडते तिथे टेपचे दोन थर लावा. काम झाल्यावर लगेच, सावकाश, तिरपा ओढून काढा. आपल्या उन्हात टेपचा डिंक पातळ होऊन चिकटून बसतो, तो तसाच राहू देऊ नका.

आता जोडणी. बॅरल, स्प्रिंग आणि गाइड स्लाइडमध्ये घालून स्लाइड फ्रेमवर चढवा. चढवताना स्लाइड तिरपी धरली तर फ्रेमच्या खोबणीची कडा तिच्या पोटाशी घासते, म्हणून दोन्हीकडच्या खोबणी डोळ्यांसमोर आणून एका रेषेत धरा आणि मगच सरकवा. जोर लागला तर थांबा, काहीतरी वाकडं आहे. स्प्रिंगचं टोपण अजून लावायचं नाही. टोपण नसेल तर स्लाइडला मागून रेटा नसतो, आणि ती हवी तिथे थांबते. अनेक जण आधी टोपण लावून मोकळे होतात, मग एका हातानं स्प्रिंगशी झगडत दुसऱ्या हातानं स्लाइड स्टॉप बसवतात. चरा तिथेच पडतो.

पिस्तूल गोधडीवर आडवं ठेवू नका. आडवं ठेवलं की पट्टी आपल्या वजनानं फ्रेमवर पडते. मुठीची खालची बाजू कापडावर टेकवून उभं धरा, तोंड भिंतीकडे. डावा तळवा पिस्तुलाच्या उजव्या अंगाला, आणि डावा अंगठा वरून या बाजूला येऊ द्या. त्या अंगठ्याखाली बांबूची काडी असेल.

बॅरलच्या खाली एक छोटी कडी लोंबते, लिंक. फ्रेमच्या भोकातून आत पाहत स्लाइड थोडी मागेपुढे करा, कडीचं भोक भोकासमोर येईल. ते स्थिर राहत नसेल तर उजव्या बाजूनं तुराटीची सोललेली काडी घाला, दांडीच्या जाडीएवढी, साधारण ५ मिलिमीटर. डावीकडून स्लाइड स्टॉपची दांडी आली की ती काडीला पुढे ढकलत जाते. ही तुराटीची युक्ती मी गावी आल्यावर शोधली. कोतमध्ये पितळी दांडी होती, पण तुराटी जास्त चांगली, ती कुठेच काही ओरखडत नाही.

दांडी अर्ध्याहून जास्त आत गेली की थांबा. इथे घाई करायची नाही. स्लाइडच्या डाव्या कडेला मधल्या भागात दोन खाचा आहेत, एक मोठी, तिच्या मागे एक लहान अर्धगोल. ती लहान खाच स्लाइड स्टॉपच्या वरच्या कानासमोर आणा. आता पट्टी चिमटीत धरून, फ्रेमपासून लांबच ठेवून, वर घ्या, इतकी की तिचं मागचं टोक प्लंजरच्या बरोबरीला येईल. टोक बाहेर आहे, प्लंजर आत आहे, दोघांची अजून गाठ पडलेली नाही. डाव्या अंगठ्यानं काडीचं टोक प्लंजरवर ठेवून तो नळीत मागे दाबा. उजव्या अंगठ्यानं दांडीच्या डोक्यावर, पट्टीवर नाही, सरळ आत दाबा. टोक प्लंजरच्या पुढे आत आलं की काडी काढून घ्या. ‘टिच’ असा बारीक आवाज येतो. फ्रेमला पट्टी फक्त शेवटच्या क्षणी, सपाट टेकते, तिथे घासण्याला वाव नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा नाही जमणार. प्लंजर काडीखालून सटकेल, खाच सरकेल. प्रत्येक वेळी पट्टी बाहेर ओढा आणि पुन्हा सुरुवात करा. अर्धवट अडकलेली पट्टी हलवून हलवून आत घालणं हीच चूक मी केली होती. माझे उस्ताद म्हणायचे, “खोलना सबको आता है, जोडना सिखो।” मी त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यापुढे तेच पिस्तूल चाळीसएक वेळा जोडलं. टेप मात्र सुरुवातीलाच लावून घेतला होता.

स्लाइड स्टॉप बसला की राहतं ते टोपण आणि पुढचं बुशिंग, म्हणजे बॅरलच्या तोंडाभोवतीचं कडं. इथला चरा बॅरलच्या तोंडाजवळ गोल अंगठीसारखा पडतो. अनेक बॅरलं तोंडाशी किंचित जाड असतात, म्हणजे स्लाइड पुढे असताना बुशिंग तिथे घट्ट बसलेलं असतं. त्याच अवस्थेत ते फिरवलं तर घासतं. स्लाइड एखादा सेंटिमीटर मागे घ्या आणि मग फिरवा, हलकं जाईल. पाना वापरायचाच तर प्लास्टिकचा. टोपणावर अंगठा असू द्या, तोंड माणसाकडे नको.

ग्रिपचे स्क्रू साफसफाईसाठी दर वेळी काढायची गरज नाही. काढलेच तर बाजारातला साधा स्क्रूड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा निमुळता असतो, तो स्क्रूच्या खाचेत वरच्या कडेवरच टेकतो आणि उसळून लाकडावर जातो. कानशीनं घासून त्याचं पातं दोन्ही बाजूंनी समांतर करा आणि खाचेत पूर्ण भरून बसेल असं करा. लाकडी ग्रिपला उकळलेलं जवसाचं तेल बोटानं अगदी थोडं चोळलं तर छान राहतं. पण जवस धातूला लावू नका, ते वाळून चिकट पापुद्रा होतं. खोबरेल आणि एरंडेलही नको, जुने लोक लावायचे तरी. शिलाई मशीनचं पातळ तेल मिळेल तिथे मिळतं, ते चालतं.

आता पडलेल्या चऱ्याचं. आधी त्यावरून नखाची कडा फिरवा. अडकत नसेल तर बरेचदा धातू कापलेलाच नसतो. दुसऱ्या कशाचा, पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा, अंश वर बसलेला असतो. तेलाच्या चिंदीनं दहा मिनिटं चोळा, निघून जातो. नख अडकत असेल, खाली पांढरं लोखंड दिसत असेल, तर काळी-निळी झिलई तुटली आहे. ही झिलई म्हणजे रंग नाही, लोखंडाच्याच वरच्या थराचं चुंबकीय ऑक्साइड केलेलं असतं, फार पातळ, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी. ती तुटली की पावसाळ्यात तिथेच गंज धरतो. म्हणून आजच्या आज त्यावर तेल लावा. दिसण्याचं नंतर पाहू.

झाकायचं असेल तर कोल्ड ब्लू नावाचं द्रावण येतं. त्यात बहुधा सेलेनियमचं संयुग असतं, ते विषारी, हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा. आधी डाग पूर्ण तेलमुक्त करा, कापसाच्या बोळ्यानं लावा, सांगितलेल्या वेळेनं पाण्यानं पुसा, कोरडं करा, तेल लावा. रंग मूळच्या झिलईशी तंतोतंत जुळणार नाही. ग्रिपच्या खाली झाकलेल्या जागेवर आधी करून पाहा. पॉलिश पेपर आणू नका, बुलेटचा मडगार्ड घासतात तसं पिस्तूल घासायचं नसतं. आणि क्रमांक जिथे कोरलेला आहे तिथे कापडाशिवाय काहीच लावायचं नाही. क्रमांक पुसट करणं हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे गुन्हा आहे, मग तुमचा हेतू चकाकी आणण्याचा का असेना. पूर्ण झिलई पुन्हा करायची इच्छा असेल तर परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, लेखी पावती घ्या. गावातल्या लोहाराकडे किंवा वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका. त्याचा हात कितीही चांगला असला तरी तुम्ही दोघंही अडचणीत याल.

माझं मत विचाराल तर हा चरा मी भरणार नाही. आजोबांच्या हातानं झिजलेली झिलई तशीच असणं मला जास्त मोलाचं वाटतं. नवीन काळ्या डागापेक्षा तेल लावलेली पांढरी रेघ चांगली दिसते. हा निर्णय तुमचा.

राहिली पूजा, कारण तिथे मी तुमच्याइतकाच भाविक आहे आणि तिथेच मी पिस्तुलं जास्त खराब झालेली पाहिली आहेत. नवमीला आपण हळद-कुंकू, ओलं गंध, अक्षता वाहतो. दिवसभर तसंच ठेवतो, कधी दसऱ्यापर्यंत. ओलं गंध झिलईवर वाळलं की डाग धरतो. अक्षतेचा दाणा स्लाइडच्या खोबणीत गेला तर पुढच्या वेळी स्लाइड ओढताना कचकच होते. कुंकू खाचांमध्ये बसून ओलावा धरतं. माझ्या घरी मी पिस्तूल पाटावर स्वच्छ कापडात ठेवतो, गंध त्या कापडाला लावतो, फुलं बाजूला. आई एकदा म्हणाली, “काऊन रे, हत्याराले गंध नाही?” मी तिला साहेबांच्या पिस्तुलावरचा चरा कसा पडला ते सांगितलं. आता तीच कापड धुऊन देते.

गंध हत्यारालाच लावायचं असेल तर मुठीच्या लाकडावर एक ठिपका, आणि संध्याकाळी आरतीनंतर लगेच ओल्या, मग कोरड्या, मग तेलाच्या चिंदीनं पुसा. त्यानंतर पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओलावा आणि कमावण्याची रसायनं धरून ठेवतं, जिथे टेकतं तिथे महिन्याभरात तांबूस रेघ येते. तेल लावलेल्या सुती कापडात गुंडाळा, कुलपाच्या पेटीत ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुढचं खोलणं आता दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की करा. टेप आधी लावा.